सुट्टीच्या सकाळी लहान मुलांसह शेतकरी बाजार आणि बाहेरचे जेवण: आधी काय?

अंगणवेल

आमच्या घरी चार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा आहे. आठवड्याची भाजी शेतकरी बाजारातून आणावी आणि त्याच फेरीत सर्वांनी बाहेर बसून जेवून यावे, असा आमचा बेत असतो. क्रमाबाबत मात्र घरात एकमत होत नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की बाजार सकाळी लवकरच गाठला पाहिजे, कारण उशिरा गेल्यास जुड्या सुकलेल्या आणि फळे हाताळलेली मिळतात. दुसरा पक्ष म्हणतो की पोट भरलेले नसेल तर गर्दी, ऊन आणि खोळंबा मुलांना पेलत नाही, म्हणून जेवण आधी उरकावे. पहिला क्रम धरला तर पिशव्या हॉटेलात टेबलाखाली ठेवाव्या लागतात आणि दुसरा धरला तर धाकट्याच्या झोपेची वेळ नेमकी बाजारात येते.

मुलांना घरी ठेवून जा, हा सल्ला कृपया देऊ नये. त्यांनी माल पिकवणारी माणसे पाहावीत आणि अनोळखी लोकांत बसून जेवायला शिकावे, यासाठीच तर हा खटाटोप आहे. क्रम कोणता धरावा, दोन्ही मिळून किती वेळ ताणावे आणि या वयाच्या मुलांच्या तोंडी बाजारात व हॉटेलात काय पडू द्यावे, याविषयी जाणकारांनी लिहावे.

काटेकोर

क्रम ठरवण्याआधी पिशवीत काय असणार आहे ते ठरवावे, कारण सगळ्या मालाला एकच नियम लागू होत नाही. अखंड भाज्या आणि फळे दोन-तीन तास सावलीत राहिली तर फार तर कोमेजतील. त्यामुळे कोणी आजारी पडत नाही. दूध, चीज, मांस, मासे आणि कापलेली फळे यांची गोष्ट वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा धोक्याचा मानते, कारण त्यात जिवाणूंची वाढ वेगाने होते, आणि शिजवलेले व नाशवंत पदार्थ साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत असे सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सल्ल्यानुसार हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असेल तर ही मुदत एकाच तासावर येते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जाते, त्यामुळे माल गाडीत ठेवून जेवायला बसणे हा उपाय नव्हे. (मुलांनाही गाडीत क्षणभर एकटे ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगून ठेवतो.)

म्हणून बाजार आधी असेल तर त्या दिवशीची खरेदी अखंड भाजी-फळांपुरती ठेवावी. नाशवंत माल घ्यायचाच असेल तर बर्फाच्या गोठवलेल्या पाकिटांसह जाड अस्तराची पिशवी न्यावी आणि तो माल सर्वांत शेवटी घ्यावा. खरेदीचा क्रमही याच हिशेबाने लावता येतो: आधी वजनदार आणि टणक, मग पालेभाजी व पिकलेली फळे, आणि अगदी निघताना थंड ठेवण्याच्या वस्तू.

शिवार

मी बाजारात माल घेऊन बसणाऱ्यांपैकी आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. लवकर येणाऱ्याला निवड मिळते आणि उशिरा येणाऱ्याला सवलत मिळते, कारण उरलेला कोवळा माल परत नेणे आम्हालाही परवडत नाही. त्यामुळे उशीर म्हणजे नुकसानच, असे धरून चालू नये. घरी लगेच शिजवायचे असेल तर शेवटच्या तासातले पिकलेले, थोडे डागाळलेले टोमॅटो रसासाठी उत्तमच असतात.

ताजेपणाचा धोशा सगळ्याच मालाबाबत धरण्याचे कारण नाही. मक्याची कणसे आणि मटार तोडल्या क्षणापासून गोडी गमावू लागतात, कारण त्यांतली साखर पिष्टमयात बदलत जाते आणि उष्णतेत हा बदल आणखी झपाट्याने होतो. पालेभाजीतले क जीवनसत्त्वही असेच दिवसागणिक घटते. याउलट कांदा, बटाटा आणि पक्का भोपळा काढणीनंतर मुद्दाम सुकवून किंवा मुरवून टिकवलेला असतो, आणि त्याची काढणी कालची की गेल्या महिन्यातली, याने ताटात फारसा फरक पडत नाही. लहान मुले बरोबर असतील तर यादी आखूड करावी आणि जे ताजेपणावर अवलंबून आहे तेवढेच बाजारातून घ्यावे. बाकीचे आठवड्यात कधीही, कोठूनही घेता येते. यादी आखूड झाली की वेळही आपोआप आखूड होतो.

विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत: तोडणी कधीची आहे आणि माल स्वतःच्या शेतातला आहे का. ज्याच्याकडे हंगामाबाहेरचेही सर्व काही बारमाही मिळते, त्याने माल बहुधा घाऊक बाजारातून उचललेला असतो. तो माल वाईटच असतो असे नाही, परंतु मग शेतकरी बाजारापर्यंत आल्याचा उपयोग काय? सेंद्रिय ही पाटी पाहून भारावूनही जाऊ नये आणि तिची टिंगलही करू नये. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हंगामी पिकांसाठी पेरणीआधी किमान दोन वर्षे आणि बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या तोडणीआधी किमान तीन वर्षे जमीन सेंद्रिय पद्धतीखाली असावी लागते. सेंद्रिय शेतीत काही नैसर्गिक कीडनाशके चालतात, त्यामुळे तिथली भाजी न धुता खावी असा अर्थ निघत नाही. लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही हेही खरे आहे. म्हणून कीड पडली तेव्हा काय केले, हा प्रश्न पाटीपेक्षा अधिक सांगून जातो.

मुलांविषयी एवढेच की हात लावण्याआधी विचारायला शिकवावे. मऊ फळ तळहातावर तोलून पाहिले तर काही बिघडत नाही. अंगठ्याने दाबले की तो ठसा दुसऱ्या दिवशी कुजतो, आणि त्याचा भुर्दंड आम्हाला किंवा पुढच्या गिऱ्हाइकाला बसतो. मुलाला पैसे द्यायला आणि सुटे परत घ्यायला लावावे, म्हणजे त्याचे हात त्या कामात राहतात.

सांजवारा

शिवार यांच्या सूचना उपयुक्त आहेत. तथापि, मुलाने स्वतः निवडलेली भाजी ते आवडीने खाते, हा जो समज अशा चर्चांत हमखास पुढे येतो, त्याविषयी मला शंका आहे. आमच्याकडे निवडण्याचा उत्साह मोठा असतो, जुडी छातीशी धरून घरी आणली जाते आणि ताटात आली की तिच्याकडे पाहिलेही जात नाही. हॉटेलात तर पोळी किंवा भात यापलीकडे काही मागितले जात नाही. मग या फेरीतून मुलांना नक्की काय मिळते? हौस पालकांची आणि फरफट मुलांची, असे तर होत नाही ना?

पाळणाघर

सांजवारा यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी अन्न नाकारण्याची वृत्ती सर्वाधिक असते. अभ्यासकांचा तर्क असा की स्वतःच्या पायांनी फिरू लागलेल्या मुलाने दिसेल ते तोंडात घालू नये, यासाठीची ही जुनी सावधगिरी असावी. म्हणजे ज्या वयात आपण मुलांना हौसेने बाजारात नेतो, नेमके त्याच वयात ती सर्वांत जास्त नाकारतात, आणि त्यात पालकांच्या संस्कारांचा दोष शोधण्यात अर्थ नाही.

नकार कमी होतो तो ओळखीने. अमेरिकी संशोधक लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की तीच चव पुन्हापुन्हा पुढे आली की लहान मुलांची नापसंती हळूहळू पसंतीकडे झुकते. त्यासाठी पुष्कळदा आठ ते पंधरा वेळा ती चव घेतली जावी लागते, आणि बहुतेक घरांत त्याच्या खूप आधीच 'याला हे आवडत नाही' असा निकाल लागलेला असतो. बाजारातली निवड ही या मालिकेतली एक पायरी आहे. पाहणे, हाताळणे, वास घेणे, धुवायला मदत करणे या सगळ्यांनी ओळख वाढते, पण त्या दिवशीच्या ताटात त्याचे फळ दिसेलच असे नाही. तुमच्या मुलाने छातीशी धरून आणलेली जुडी वाया गेली, असे मी म्हणणार नाही.

हॉटेलातल्या वागण्यासाठी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची वाटणी मला फार उपयोगी वाटते. काय खायचे, केव्हा आणि कोठे, हे पालकांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. टेबलावर मुलाच्या ओळखीचा किमान एक पदार्थ असू द्यावा आणि बाकीचे पदार्थ आग्रह न करता समोर असू द्यावेत. 'एवढे संपवलेस तर आइस्क्रीम' हा सौदा तेवढ्यापुरता जिंकल्यासारखा वाटतो, परंतु त्यातून मुलाच्या मनात भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस असेच पक्के होते. परक्या जागी, चार लोकांच्या देखत आग्रह केला की नकार आणखी घट्ट होतो, म्हणून नव्या पदार्थाची पहिली चव शक्यतो घरी द्यावी आणि हॉटेलात ओळखीचा पदार्थ वेगळ्या रूपात भेटू द्यावा. पोळी किंवा भात मागणारे मूल काही चुकीचे मागत नाही. गोंगाट, नवे वास आणि नव्या माणसांच्या मध्ये ते एक ओळखीची गोष्ट धरून बसते, एवढेच.

क्रमाविषयी माझे मत असे की ताजेपणा हा निकष बाजूला ठेवावा. दहा महिन्यांच्या बाळाची सकाळची झोप कधी असते, त्यावरून सारे ठरवावे, कारण चार वर्षांची मुलगी भूक लागली तर एखादे फळ खाऊन थांबू शकते आणि बाळाची झोप मोडली तर पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते.

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे. बाजारात विक्रेते प्रेमाने मुलांच्या हातात चाखायला काहीतरी ठेवतात, आणि घाईत आपण ते तोंडात जाऊ देतो, त्यासंबंधी लिहिते. बारा महिन्यांखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, बोटावर चाटवण्यापुरताही नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात, आणि नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने ते नष्ट होत नाहीत. मध शेतातला आहे, शुद्ध आहे, कच्चा आहे, याने या धोक्यात काहीही फरक पडत नाही. कच्च्या दुधाचेही तसेच. पाश्चरीकरण म्हणजे दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवणे. एवढ्यानेही रोगजंतू मरतात, आणि घरी उकळल्यानेही मरतात, तेव्हा थेट गोठ्यातले दूध घेतले तर ते उकळल्याशिवाय मुलांना देऊ नये. कच्च्या दुधापासून केलेले मऊ चीज आणि कच्ची मोड आलेली कडधान्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी टाळावीत. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते.

घशात अडकण्याचा धोका दोन्ही मुलांना आहे. अखंड द्राक्षे आणि चेरी टोमॅटो गोल, गुळगुळीत आणि नेमके श्वासनलिकेच्या मापाचे असतात, म्हणून ते उभे चिरून चार भाग करून द्यावेत. आडवे अर्धे केले तरी धोका राहतो. अख्खे शेंगदाणे आणि सुकामेवा चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नये. बाळाला कच्चे गाजर किंवा सफरचंदाची टणक फोड देण्याऐवजी ते मऊ शिजवून द्यावे. मूल बाबागाडीत आडवे असताना किंवा पळत असताना त्याला काहीही खायला देऊ नये. बाजारात हा नियम सर्वाधिक मोडला जातो.

घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज निघेनासा झाला तर एका वर्षाखालील बाळाला पालथे धरून डोके छातीपेक्षा खाली ठेवावे, खांद्याच्या पात्यांमध्ये तळहाताच्या मुळाने पाच थापा माराव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत आणि मदत येईपर्यंत हे आलटून पालटून करावे. हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये सांगितलेली पोटावर दाब देण्याची पद्धत एका वर्षावरील मुलांसाठी आहे, बाळांसाठी नाही. हे वाचून येत नाही. जवळच्या प्रथमोपचार वर्गात बाहुलीवर करून पाहावे.

दुपारसावली

धागाकर्तीने मनाई केली आहे, तरीही नम्रपणे लिहितो. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी बसवण्याचा हट्ट कशासाठी? एका आठवड्यात बाजार, दुसऱ्या आठवड्यात जेवण, असे केले तर मुलांना दोन्हींचा अनुभव मिळतो आणि कोणाचीच दमछाक होत नाही. शिवाय हॉटेलात शांतपणे जेवायला आलेल्या इतर लोकांचाही काही हक्क असतो. मुलांना समाजात वावरायला शिकवण्याची जागा म्हणून शेजारच्या टेबलाकडे पाहिले जाते, ते मला पटत नाही.

मुदपाकखाना

दुपारसावली यांच्या तक्रारीतला शेवटचा भाग खरा आहे, परंतु त्याचे उत्तर मुलांना न आणणे हे नव्हे. मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. आम्हाला त्रास होतो तो मुलांमुळे नव्हे. गर्दीच्या ऐन वेळी भुकेले मूल येते आणि त्याचे ताट मोठ्यांच्या ताटांबरोबर यावे अशी अपेक्षा केली जाते, तिथे सगळे बिनसते. हॉटेल उघडते त्याच सुमारास या. चुली तापलेल्या असतात, वाढपी मोकळे असतात, ऑर्डर लवकर निघते आणि शेजारची टेबले रिकामी असल्याने दुपारसावलींसारख्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. मुलांचा पदार्थ बसल्याबसल्या सांगावा, मोठ्यांचा नंतर निवडावा. बिल शेवटचा पदार्थ येतानाच मागून ठेवावे, म्हणजे बाळ रडू लागले तर उठून जाता येते.

बसण्याची जागा निवडताना खिडकीपेक्षा वाढप्यांचा रस्ता पाहावा. उंच खुर्ची त्या रस्त्यात कधीही लावू नये, कारण गरम ताटे मुलाच्या डोक्यावरूनच जातात. चहा-कॉफीचा पेला ओतल्यानंतर पंधरा मिनिटांनीही लहान मुलाची कातडी भाजू शकते, आणि बाळ मांडीवर असताना पेला हाताच्या अंतरात असणे हे भाजण्याचे नेहमीचे कारण आहे. टेबलावरचा कापड ओढला जातो, म्हणून तो काढून ठेवायला सांगण्यात संकोच नको.

मुलांसाठी वेगळे छापलेले पत्रक बहुतेक ठिकाणी तळलेल्या आणि फिकट पदार्थांचे असते. आमच्यासाठी ते सोयीचे असते, मुलांसाठी चांगले असतेच असे नाही. मोठ्यांच्या पदार्थांतलाच एखादा, तिखट न घालता आणि मीठ कमी ठेवून, निम्म्या प्रमाणात मागितला तर बऱ्याच ठिकाणी मिळतो. ही विनंती ऑर्डर देतानाच करावी, कारण तयार रस्स्यातले मीठ काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठीही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. बाळासाठी तर मीठ घालण्याआधी बाजूला काढलेली भाजीच योग्य.

कोणाला ॲलर्जी असेल तर 'यात दाणे आहेत का' एवढे विचारून थांबू नये. त्याच तेलात, त्याच पाटावर, त्याच चमच्याने आणखी काय हाताळले जाते, हे विचारावे. वाढप्याला ठाऊक नसेल तर तो आत येऊन विचारील, आणि न विचारता 'नाही' म्हणाला तर त्या ठिकाणी जेवू नये.

रात्रपाळी

मुदपाकखाना यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड म्हणून लिहिते. शेंगदाणे, अंडे यांसारखे ॲलर्जी देऊ शकणारे पदार्थ बाळाला उशिरा सुरू करावेत, हा जुना सल्ला आता बदलला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले गेले, तेव्हा पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण न दिलेल्या गटापेक्षा सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. असे पदार्थ प्रथम द्यायचे ते घरी, थोडे, एका वेळी एकच आणि दिवसा. हॉटेलातल्या मिश्र पदार्थातून नव्हे, कारण पुरळ उठले तर नेमके कशाने उठले हे कळत नाही.

अंगणवेल

सर्वांचे आभार. दुपारसावली यांच्या सूचनेचा विचार केला. सुट्टी आठवड्यातून एकच असल्याने तूर्त तरी एकाच फेरीकडे कल आहे. आणखी दोन शंका आहेत. हॉटेलात पदार्थ येईपर्यंत मुलीच्या हाती मोबाइल द्यावा की नाही, यावर आमच्याकडे वाद आहे. आणि आणलेली भाजी मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवावी असे पुष्कळजण सांगतात. बाळाच्या दृष्टीने ते आवश्यक आहे का?

काटेकोर

साध्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणे पुरेसे आहे, आणि टणक सालीच्या वस्तूंसाठी स्वच्छ ब्रश वापरावा. साबण लावू नये. फळांच्या पृष्ठभागातून तो शोषला जाऊ शकतो. साल काढायची असली तरी आधी धुवावे, नाहीतर सुरी सालीवरची घाण आत नेते. धुण्याची वेळ मात्र महत्त्वाची आहे. घरी येताच सर्व धुवून ठेवले तर ओलीने ते लवकर सडते, म्हणून वापरण्याआधीच धुवावे. स्ट्रॉबेरीसारख्या नाजूक फळांना हे विशेष लागू आहे.

ठेवण्याबद्दल विचारले नाही, तरी सांगतो, कारण इतका खटाटोप करून आणलेला माल इथेच वाया जातो. गाजर, बीट आणि मुळ्याचा पाला लगेच कापून वेगळा करावा. तो कंदातला ओलावा ओढत राहतो. सफरचंद, केळी आणि टोमॅटो पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते व काकडी लवकर खराब होते, म्हणून त्यांना दूर ठेवावे. टोमॅटो पूर्ण पिकेपर्यंत शीतकपाटाबाहेरच बरे, कारण गारठ्यात त्यांचा वास मरतो. बटाटे अंधारात आणि कांद्यांपासून वेगळे ठेवावेत. हिरवे पडलेले बटाटे, ज्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते, मुलांच्या ताटात येऊ देऊ नयेत. आणि काकडी किंवा तिच्या कुळातली कोणतीही भाजी चाखल्यावर कडू जहर लागली तर ती टाकून द्यावी. तो कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवूनही जात नाही.

पाळणाघर

मोबाइलविषयी: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा आहे. दहा मिनिटांसाठी मोबाइल दिला म्हणून आभाळ कोसळत नाही, हे मला मान्य आहे. परंतु पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही, त्यामुळे निदान ताट समोर आल्यावर तो बाजूला जायला हवा, आणि तो काढून घेताना जो आकांत होतो तो वाट पाहण्यापेक्षा जड जातो. तुमच्याकडे बाजार आधी झालेला असेल तर करमणूक पिशवीतच आहे. कोणत्या भाजीचे मूळ आपण खातो, कोणत्याचे पान आणि कोणत्याचे फूल, हे चार वर्षांच्या मुलीबरोबर टेबलावर बसून लावता येते.

शिवार

तिने दोन शेंगा सोलून पाहिल्या तरी तेवढाच वेळ जातो. फक्त कच्चे राजमा किंवा घेवड्याचे पक्के दाणे तोंडात जाऊ देऊ नयेत. त्यांतले विषारी लेक्टिन चांगले उकळल्याशिवाय नष्ट होत नाही. मटाराचे कोवळे दाणे धुवून खाल्ले तर काही हरकत नाही, पण ते मोठीपुरतेच, आणि बसून. बाळाला द्यायचे तर शिजवून, कुस्करून.

अंगणवेल

चर्चेवरून असे ठरवले आहे. धाकटा सकाळी नऊच्या सुमारास झोपतो, म्हणून त्याला बाबागाडीत झोपू द्यायचे आणि त्याच वेळात आखूड यादीसह बाजार उरकायचा. तो उठेल तेव्हा हॉटेल उघडण्याची वेळ झालेली असेल. नाश्ता घरून करून निघायचे, म्हणजे मोठी बाजारात उपाशी नसेल. दूध आणि चीज या फेरीत घ्यायचे नाही. ते घराजवळून नंतर आणता येईल. झोप मोडली किंवा ऊन फार असले तर जेवण रद्द करून थेट घरी यायचे, हेही आधीच ठरवून ठेवले आहे. सुट्टी बहुधा सासूबाईंबरोबर असेल, त्यांना गर्दीत चालणे जड जाते. त्या हॉटेलाच्या जवळ बसतील आणि आम्ही बाजारातून तिकडे येऊ.

रात्रपाळी

क्रम चांगला आहे. एकच दुरुस्ती सुचवते: झोपलेल्या बाळाच्या बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून जाड चादर किंवा ओढणी टाकू नये, आत हवा खेळत नाही आणि तापमान झपाट्याने वाढते. गाडीचे स्वतःचे छप्पर पुढे ओढावे, सावलीच्या बाजूने चालावे आणि दर थोड्या वेळाने मानेमागे हात लावून पाहावे. जेवायला बसण्याआधी दोघांचे हात साबणाने धुवावेत; हातावर चोळण्याचा सॅनिटायझर मातीने माखलेल्या हातांवर नीट काम करत नाही आणि उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव कमी असतो.